मिठाची खाण आणि लिपोवा रस्त्यावरचा कारखाना: क्राकोवच्या एका दिवसामागचा इतिहास

पोलंडची जुनी राजधानी क्राकोव. तिथे दोन-तीन दिवसांचा मुक्काम असला की त्यातला एक दिवस बहुधा असा जातो: सकाळी व्येलिच्काची भूमिगत मिठाची खाण, दुपारी आपल्या ज्यू कामगारांना वाचवणाऱ्या शिंडलर या जर्मन उद्योजकाच्या कारखान्यातलं युद्धकाळाचं संग्रहालय. खाण शहराच्या आग्नेयेला साधारण १४ किलोमीटरवर. कारखाना विस्तुला नदीपलीकडे झाब्वोचे भागात, म्हणजे खाणीकडून परतताना वाटेवरच. टूरवाल्यांनी ही जोडी लावली ती बसच्या सोयीने, आणि माहितीपत्रकातही तशीच विकली जाते: अर्धा दिवस नवलाईचा, अर्धा दिवस गंभीर. गोव्यातून जाणाऱ्या मंडळींसाठी ही टिपणी लिहिण्याचं कारण असं की ही वाटणी इतिहासाला धरून नाही. हे मीठ आणि हे युद्ध यांचा संबंध बसच्या रस्त्यापेक्षा बराच जुना आहे.

आधी मिठाचं बघू. आपल्याकडे मीठ म्हणजे आगरवाडा, नेरूल इथली मिठागरं. भरतीचं पाणी कप्प्यांत घ्यायचं, उन्हात आटू द्यायचं आणि पावसाच्या आत रास झाकून ठेवायची. पोलंडचा दक्षिण भाग समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, आणि ऊनही असं बेताचंच. पण साधारण १ कोटी ३५ लाख वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता. तो आटला, क्षार तळाशी बसले, पुढे कार्पेथियन पर्वत वर येताना त्या थरांना घड्या पडल्या आणि मीठ जमिनीखाली गाडलं गेलं. नवाश्मयुगातली माणसं इथल्या खाऱ्या झऱ्यांचं पाणी भांड्यांत उकळून मीठ काढत. झरे आटू लागले तेव्हा विहिरी खोल गेल्या आणि तेराव्या शतकात विहीर खोदता खोदता खडकासारखं घट्ट मीठ हाती लागलं.

याची लोककथा गाइड नक्की सांगेल. हंगेरीच्या बेला चौथ्या राजाची मुलगी किंगा पोलंडच्या बोलेस्वावशी लग्न करून निघाली, तेव्हा तिने आंदण म्हणून मीठ मागितलं आणि साखरपुड्याची अंगठी हंगेरीतल्या मिठाच्या खाणीत टाकली. पोलंडला पोचल्यावर तिने खणायला लावलं तर मिठाचा खडक निघाला आणि त्यात तीच अंगठी! सोनंनाणं सोडून मीठ मागणारी राजकन्या आज गमतीची वाटते. पण थंड प्रदेशात हिवाळ्यासाठी मांस-मासे टिकवायचे तर मिठाशिवाय गत्यंतर नव्हतं, त्यामुळे मीठ ज्याच्या हाती त्याच्या हाती तिजोरी. क्राकोवच्या परिसरातल्या खाणी राजाच्या मालकीच्या होत्या, आणि चौदाव्या शतकात कासिमिर राजाच्या काळी राज्याच्या उत्पन्नातला जवळजवळ एक तृतीयांश वाटा मिठातून येई. त्याने १३६८ मध्ये खाणींच्या कारभाराचे नियमच लिहून काढले.

गोव्याला हे राजकारण अनोळखी नाही. आपलं मीठ बैलांच्या तांड्यांवरून घाट चढून वर जात असे. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने गोव्यातल्या मीठ उत्पादनाचा ताबा ब्रिटिश हिंदुस्थानच्या सरकारकडे गेला, कारण गोव्याचं स्वस्त मीठ त्यांच्या मीठकराला भोक पाडत होतं. १८९२ ला तो तह संपला. तोवर कित्येक आगरं ओस पडली होती.

व्येलिच्काच्या पैशाचं एक देणं मात्र फार दूर पोचलं. कासिमिरने १३६४ मध्ये क्राकोवला विद्यापीठ काढलं आणि तिथल्या अध्यापकांच्या पगाराची सोय व्येलिच्काच्या मिठाच्या उत्पन्नातून लावून दिली. कोपर्निकस शिकला तो या विद्यापीठात. तो खाण पाहायलाही आला होता असं मानतात, आणि खाणीतल्या एका दालनात त्याचा मिठात कोरलेला पुतळा उभा आहे. पुतळ्यासमोर फोटो काढताना हे विद्यापीठ लक्षात ठेवा. दुपारी ते पुन्हा भेटणार आहे.

खाण एकूण ३२७ मीटर खोल, नऊ मजल्यांची, आणि बोगद्यांची लांबी २४० किलोमीटरहून जास्त. पर्यटकांना त्यातला अगदी थोडा, तीन-साडेतीन किलोमीटरचा भाग दाखवतात आणि तो १३५ मीटर खोलीपर्यंतच जातो. बाकीचा पसारा कल्पनेवर. तिथे राबणाऱ्यांविषयी एक गैरसमज युरोपभर पसरला होता, की खाली कैदी आणि गुलाम जन्मभर कोंडलेले असत. प्रत्यक्षात खाणकामगार प्रामुख्याने पगारी होते, पिढ्यान्‌पिढ्या तेच काम करणारे, आणि राजाच्या खाणीत काम करतो याचा त्यांना अभिमान होता. काम मात्र जिवावरचं. मिठाच्या पोकळ्यांत मिथेन साठे. तो जाळून टाकण्यासाठी अनुभवी कामगार ओले कपडे अंगावर चढवून, लांब काठीच्या टोकाला पेटता पलिता बांधून जमिनीलगत सरपटत पुढे जात. त्यांना ‘प्रायश्चित्त करणारे’ म्हणत. दुसरी भीती आगीची, कारण छत तोलून धरायला लाकडाचे ओंडकेच ओंडके रचलेले. मिठामुळे हे लाकूड कुजत नाही, शतकानुशतकं टिकतं, पण पेटलं तर आटोक्यात येत नाही. तिसरी भीती पाण्याची, आणि ती आजही संपलेली नाही. एप्रिल १९९२ मध्ये एका बोगद्यात बाहेरचं पाणी घुसलं आणि वरच्या गावाची जमीन खचू लागली. मिठाचं व्यापारी उत्खनन १९९६ मध्ये कायमचं थांबलं. आता खाणीत झिरपणारं खारं पाणी उपसून त्यापासून मीठ काढतात, तेवढंच.

घोड्यांचंही सांगायला हवं. सोळाव्या शतकापासून मिठाचे गोळे वर ओढणारे मोठे लाकडी रहाट घोडे फिरवत. खाली तबेले होते. यंत्रं आल्यावर त्यांची गरज संपत गेली, तरी शेवटची घोडी बाश्का वर आली ती थेट २००२ मध्ये. ते रहाट आज पाहायला मिळतात याचं श्रेय आल्फोन्स द्वुगोश या चित्रकार-शिक्षकाला. दुसऱ्या महायुद्धानंतर भंगारात जाणारी जुनी अवजारं आणि यंत्रं त्याने खालून शोधून काढली आणि १९५१ मध्ये खाणीचं संग्रहालय उभं केलं.

सगळ्यात जास्त फोटो निघतात ते १०१ मीटर खोलीवरच्या संत किंगाच्या चॅपेलमध्ये. ५४ मीटर लांबीचं हे दालन एका मोठ्या मिठाच्या गोळ्याच्या जागी तयार झालं. १८९६ पासून युझेफ मार्कोव्स्की, त्याचा भाऊ तोमाश आणि पुढे अंतोनी विरोदेक यांनी ते कोरलं. हे तिघेही खाणकामगारच. फरशी, वेदी, भिंतीवरचं ख्रिस्ताचं अखेरचं भोजन, झुंबरांचे लोलक, सारं मिठाचं. जुन्या गोव्यातली सोनेरी वेदी पाहायची सवय झालेल्या नजरेला पहिल्यांदा हे काहीसं फिकं वाटेल, कारण इथलं मीठ पांढरं नसून करडं-हिरवट आहे.

पर्यटन इथे नवं नाही. १७७२ मध्ये पोलंडचे लचके तोडले गेले तेव्हा व्येलिच्का ऑस्ट्रियाकडे गेली. नव्या मालकांना मिठाइतकंच तमाशाचंही मोल कळलं आणि एकोणिसाव्या शतकात पाहुण्यांसाठी खाली रोषणाई, वाद्यवृंद, तळ्यात नौका असा थाट होऊ लागला. जर्मन कवी गटे १७९० मध्ये आणि संगीतकार शोपॅं १८२९ मध्ये येऊन गेला. युनेस्कोने १९७८ मध्ये जागतिक वारशाची पहिली यादी काढली त्यातल्या १२ स्थळांत व्येलिच्काची खाण आणि क्राकोवचं जुनं शहर अशी दोन्ही नावं होती. दमट हवेने कोरीवकाम झिजू लागल्यामुळे १९८९ ते १९९८ या काळात ती धोक्यातल्या वारशाच्या यादीतही होती. दमट हवा आणणाऱ्यांत आपल्यासारख्या पाहुण्यांचा श्वासही आलाच.

आता कारखाना. लिपोवा रस्त्यावर चार क्रमांकाची ती इमारत जगाला ठाऊक झाली ‘शिंडलर्स लिस्ट’ या १९९३ च्या हॉलिवूडपटामुळे, त्यामुळे अनेकांना वाटतं की हे शिंडलरचं स्मारक आहे. ते तसं नाही. एनॅमलची भांडी आणि पत्र्याच्या वस्तू बनवणारा हा कारखाना १९३७ मध्ये तिघा ज्यू उद्योजकांनी ‘रेकॉर्ड’ नावाने काढला होता. तो दिवाळखोरीत गेला. १ सप्टेंबर १९३९ ला जर्मनीने पोलंडवर हल्ला केला, ६ सप्टेंबरला क्राकोव पडलं आणि ज्यूंच्या मालमत्ता जर्मनांकडे सोपवल्या जाऊ लागल्या. नोव्हेंबरमध्ये ऑस्कर शिंडलर या नाझी पक्षाच्या सदस्याने विश्वस्त म्हणून कारखाना ताब्यात घेतला. आला तो नफा कमवायला. बदलला तो नंतर.

संग्रहालय जून २०१० मध्ये उघडलं. ते क्राकोव शहराच्या संग्रहालयाची शाखा आहे आणि त्याचा विषय आहे १९३९ ते १९४५ या काळातलं व्यापलेलं क्राकोव. शिंडलरला त्यात एक खोली आणि एनॅमलच्या भांड्यांनी भरलेली एक पारदर्शक पेटी, त्यात वाचलेल्यांची नावं. बाकी सगळं शहराचं: ट्रामचा डबा, केशकर्तनालय, घेटोमधली, म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या वस्तीतली, कोंदट खोली. माझ्या मते संग्रहालयाने हे फार योग्य केलं. चित्रपटाच्या नायकाच्या शोधात आलेला माणूस शहर पाहून बाहेर पडतो.

आणि इथेच ते विद्यापीठ पुन्हा भेटतं. ६ नोव्हेंबर १९३९ ला जर्मन अधिकाऱ्याचं व्याख्यान आहे असं सांगून विद्यापीठाच्या अध्यापकांना सभागृहात बोलावलं आणि तिथेच अटक केली. पकडलेले १८० हून अधिक, त्यातल्या बहुतेकांची रवानगी साक्सेनहाउझेनच्या छळछावणीत. ज्या विद्यापीठाचे पहिले पगार मिठाने दिले, त्याची ही गत. जर्मनांना पोलंडमध्ये मजूर हवे होते, शिकवणारे नको होते.

मार्च १९४१ मध्ये पोदगूझे भागात घेटो उभं राहिलं, कारखान्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. चित्रपटातली घेटोची दृश्यं बरीचशी नदीअलीकडच्या काझिमेश या जुन्या ज्यू वस्तीत चित्रित झाली, त्यामुळे पर्यटक तिथे घेटो शोधत फिरतात. व्येलिच्का गावातल्या ज्यूंना ऑगस्ट १९४२ मध्ये बेल्झेकच्या मृत्युछावणीकडे नेलं. १३ आणि १४ मार्च १९४३ ला क्राकोवचं घेटो रिकामं केलं गेलं, काम करू शकणाऱ्यांना प्वाशूव्हच्या छावणीत हाकललं आणि कित्येकांना रस्त्यातच गोळ्या घातल्या. त्याच आठवड्यात, ९ मार्चला, तटस्थ पोर्तुगालच्या आश्रयाने मुरगाव बंदरात थांबलेल्या ‘एहरेनफेल्स’ या जर्मन जहाजावर कलकत्त्याहून आलेल्या हौशी ब्रिटिश घोडदळवाल्यांनी छापा घातला होता. गोव्याने महायुद्ध जवळून पाहिलं ते एवढंच.

मग १९४४. दोस्तांची विमानं कारखान्यांवर बॉम्ब टाकू लागली तसे जर्मन आपलं विमानांचं उत्पादन जमिनीखाली न्यायच्या मागे लागले, आणि त्यांची नजर व्येलिच्काच्या विस्तीर्ण दालनांवर पडली. यंत्रं खाली उतरवली. प्वाशूव्ह आणि म्येलेट्सच्या छावण्यांतून हजारो ज्यू कैदी आणले आणि खाणीजवळच्या, किंगाच्याच नावाच्या बागेत छावणी उभारली. सोव्हिएत फौजा जवळ येत गेल्या आणि उत्पादन सुरूच झालं नाही. म्हणजे सकाळी झुंबरांखाली फोटो काढलेली खाण आणि दुपारी संग्रहालयात भेटणारी प्वाशूव्हची छावणी एकाच यंत्रणेचे भाग होते. शतकानुशतकं पगारी, अभिमानी कामगारांची असलेली खाण शेवटी खरोखरच कैद्यांची झाली होती. सहलीत हा धागा गाइडने आपणहून सांगितला नाही तर विचारून घ्यावा.

शिंडलरने कारखान्याच्या आवारातच आपल्या कामगारांसाठी प्वाशूव्हची उपछावणी उभारून घेतली आणि ऑक्टोबर १९४४ मध्ये त्यांना आजच्या चेकियातल्या ब्र्निएनेट्सला हलवलं. साधारण १,२०० जण वाचले. क्राकोव १८ जानेवारी १९४५ ला मुक्त झालं. इमारतीत पुढे कित्येक वर्षं सरकारी कंपनी इलेक्ट्रॉनिक सुटे भाग बनवत होती.

मराठी माणसाला या सगळ्यात एक ओळखीचं नाव मिळतं: वळिवडे. कोल्हापूरजवळच्या या गावी १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची वसाहत होती, प्रामुख्याने बायका आणि मुलं. पण ती माणसं जर्मनांच्या तावडीतून आलेली नव्हती. १९३९ मध्ये पोलंडचा पूर्वेकडचा अर्धा भाग सोव्हिएत रशियाने गिळला, तिथल्यांना सायबेरियाकडे हद्दपार केलं, आणि सुटका झाल्यावर ती इराणमार्गे हिंदुस्थानात पोचली. क्राकोव दुसऱ्या अर्ध्यात होतं. हा फरक ठाऊक असला की संग्रहालयात कोल्हापूर शोधण्याचा खटाटोप वाचतो. वॉर्सामध्ये मात्र कोल्हापूरचं स्मारक आहे.

दिवस आखताना या क्रमालाच धरून राहावं: खाण आधी, संग्रहालय नंतर. खाणीत गाइडशिवाय सोडत नाहीत, फेरीला दोन-तीन तास लागतात. एकूण ८०० च्या आसपास पायऱ्या, त्यातल्या सुरुवातीच्या ३८० सलग उतरायच्या. वर येताना लिफ्ट असली तरी गुडघे दुखणाऱ्यांनी आधीच चौकशी करावी. खाली बारमाही १४ ते १८ अंशांच्या आसपास, म्हणजे गोवेकरांसाठी स्वेटरचं हवामान. संग्रहालयाला दोन तास द्या, आणि त्यानंतर तासभर हातात राहिला तर घेटोच्या वीरांच्या चौकात जा. तिथे ब्राँझच्या रिकाम्या खुर्च्या मांडल्या आहेत आणि कोपऱ्यावर तादेउश पान्क्येविच या पोलिश औषधविक्रेत्याचं दुकान होतं, तिथे आता संग्रहालय आहे. घेटो असताना त्याने ते दुकान चालू ठेवलं होतं. पुष्कळ टूर या दिवशी खाणीला आउश्वित्झ जोडतात. तो प्रकार टाळावा, आउश्वित्झला स्वतंत्र दिवस लागतो.

संग्रहालयाचं तिकीट ठरावीक वेळेचं मिळतं आणि मोसमात लवकर संपतं, तेव्हा आधी ते पक्कं करून त्यावर खाणीची वेळ बसवावी. ब्रिटनमधल्या स्विंडनला मुला-लेकीकडे गेलेल्यांनी आणखी एक पाहावं: ब्रिटनचा व्हिसा पोलंडला चालत नाही. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा वेगळा काढावा लागतो, आणि त्याची भेटीची वेळ मिळायलाच कधी कधी आठवडे जातात.