टर्म-भोजन (इन्स ऑफ कोर्ट)

बॅरिस्टर होण्यासाठी लंडनमधील इन्स ऑफ कोर्ट या वकीलसंस्थांच्या भोजनगृहात ठरावीक वेळा जेवायला बसण्याची प्रथा. शिकणारे विद्यार्थी आणि त्याच संस्थेत शिकून पुढे नावारूपाला आलेले वकील व न्यायाधीश एका छताखाली जेवतात, हे तिचे मुख्य लक्षण. एका सत्रातील जेवणांची ठरलेली संख्या पुरी केली की त्या सत्राची ‘टर्म भरली’ असे मानत. बोलण्यात याला ‘टर्म खाणे’ म्हणत आणि ते शब्दशः खरे होते. आपल्याकडे कॉलेजात हजेरी कमी पडली की टर्म बुडते. तिथे जेवण चुकले की बुडायची.

लिंकन्स इन, ग्रेज इन, इनर टेंपल आणि मिडल टेंपल अशा चार इन आहेत. लिंकन्स इनची दप्तरे १४२२ पासूनची उपलब्ध आहेत. १६१५ मध्ये जॉर्ज बक याने लंडनमधील शिक्षणसंस्थांचे वर्णन करताना या शहराला ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या पाठोपाठ इंग्लंडचे तिसरे विद्यापीठ म्हटले. त्यात या इनचा वाटा मोठा होता. एक फरक मात्र आहे. विद्यापीठातून पदवी घेऊन माणूस बाहेर पडतो आणि ‘माजी’ होतो. इनमधून असे कोणी बाहेर पडत नाही. सनद मिळाली तरी बॅरिस्टर त्याच इनचा सभासद राहतो आणि त्यातले निवडक पुढे ‘बेंचर’, म्हणजे संस्थेचे कारभारी होतात. त्यामुळे भोजनगृहातील वडीलधारी माणसे पाहुणी म्हणून आलेली नसतात, ती घरचीच असतात.

मुळात जेवण हा शिक्षणाचा शेवटचा तास होता. विद्यार्थी इनमध्येच राहत, तिथेच जेवत. ज्येष्ठ वकील तिथे कायद्यावर व्याख्याने देत आणि जेवणानंतर त्याच दालनात लुटूपुटीचे खटले चालत. १६४२ मध्ये इंग्लंडात यादवी युद्ध पेटले, इन ओस पडल्या आणि ही शिकवण्याची घडी मोडली ती पुन्हा नीट बसलीच नाही. व्याख्याने गेली, खटले गेले, जेवण उरले. १८५२ मध्ये विधिशिक्षणासाठी चारही इनचे संयुक्त मंडळ स्थापन झाले आणि १८७२ मध्ये परीक्षा सक्तीची झाली. मधली सुमारे दोन शतके टर्म भरलेल्या माणसाला बॅरिस्टर होण्यासाठी कायद्याच्या एकाही खऱ्याखुऱ्या परीक्षेला बसावे लागत नव्हते. बॅरिस्टर जेवून होतात, ही थट्टा तेव्हाची आणि ती अन्यायाची म्हणता येणार नाही.

वर्षात मायकेलमस, हिलरी, ईस्टर आणि ट्रिनिटी अशी चार सत्रे असत. एकूण बारा सत्रे, म्हणजे तीन वर्षे भरावी लागत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रत्येक सत्रात सुमारे चोवीस जेवणे होत आणि त्यांपैकी किमान सहांना हजर राहावे लागे. विद्यापीठात शिकत असलेल्यांना तीन पुरत. हजर राहायचे म्हणजे अंगात काळा गाउन, सुरुवातीच्या प्रार्थनेआधी जागेवर आणि शेवटची प्रार्थना होईपर्यंत तिथेच. खाल्लेच पाहिजे अशी सक्ती नव्हती. पानावर नुसते बसून राहिले तरी टर्म भरत असे.

बसण्याची रीत मात्र बारकाईने पाहण्यासारखी आहे. लांब टेबलाच्या दोन्ही बाजूंना दोघे-दोघे अशा चौघांचा एक गट होतो. त्याला ‘मेस’ म्हणतात. पुण्यात महिन्याचे पैसे भरून जिथे पोळी-भाजी खातात ती मेस आणि ही मेस, शब्द एकच. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ पुढ्यात वाढलेले अन्न असा होता. भांडी आणि बाटल्या माणशी येत नाहीत, मेसला येतात. त्यामुळे शेजारच्याशी ओळख नसली तरी त्याच्याकडे काहीतरी मागावेच लागते आणि त्याला काहीतरी द्यावेच लागते. आपल्या पंगतीत असे होत नाही. पंगतीत माणूस समोरच्या पानाकडे बघून जेवतो, लागेल ते वाढपी आणून घालतो, यजमान स्वतः न जेवता आग्रह करत फिरतो आणि जुन्या वळणाच्या घरात तर जेवताना मौन पाळत. पंगत पोटभर जेवू घालण्यासाठी आहे. चौघांची मेस बोलायला लावण्यासाठी आहे.

पण ज्येष्ठांशी बोलायला लावते का, हा खरा प्रश्न. बेंचरांचे टेबल दालनाच्या टोकाला, उंच चौथऱ्यावर असते. मिडल टेंपलचे दालन १५६२ ते १५७३ या काळात बांधले गेले. तिथले बेंचरांचे टेबल २९ फूट लांब आणि सलग ओकच्या फळ्यांचे आहे. याच दालनात २ फेब्रुवारी १६०२ रोजी शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’चा प्रयोग झाला होता. दालन देखणे, टेबल भव्य. फक्त विद्यार्थ्याची खुर्ची त्या टेबलाशी नसे.

ही खोट नेमकी टिपली ती इनर टेंपलच्या एका विद्यार्थ्याने. मोहनदास गांधी १८८८ मध्ये तिथे दाखल झाले आणि १० जून १८९१ रोजी त्यांना सनद मिळाली. आत्मकथेत त्यांनी या जेवणांचा हिशेबच दिला आहे. एका जेवणाला अडीच ते साडेतीन शिलिंग पडत, म्हणजे तेव्हाचे दोन-तीन रुपये. शाकाहारी गांधी सुरुवातीला ब्रेड, उकडलेला बटाटा आणि कोबी एवढ्यावर भागवत, कधी काहीच खात नसत. चौघांच्या मेसला वाइनच्या दोन बाटल्या मिळत. गांधी पीत नसल्याने त्यांना आपल्या चौकडीत ओढायला सगळे टपलेले असत, कारण मग दोन बाटल्या तिघांत संपत. बेंचरांच्या टेबलावरचे जेवण विद्यार्थ्यांपेक्षा चांगले असे. गांधी आणि एक शाकाहारी पारशी विद्यार्थी यांनी अर्ज केला आणि तिथली फळे व भाज्या त्यांच्यापर्यंत येऊ लागल्या.

भाज्या आल्या, बेंचर आले नाहीत. गांधींचा आक्षेप तोच आहे. पूर्वी विद्यार्थी थोडे असत, तेव्हा त्यांचे आणि बेंचरांचे बोलणे होई, भाषणे होत, त्यातून जगाची जाण आणि बोलण्यातली सफाई येई. आपल्या काळी बेंचर वेगळ्या टेबलावर बसत, तेव्हा हे शक्यच नव्हते, असे ते सांगतात. या प्रथेवर पुढे बरीच टीका झाली, पण इतकी नेमकी क्वचितच. त्याच इनने १९२२ मध्ये गांधींचे नाव पटावरून काढले आणि १९८८ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी, परत घातले.

महाराष्ट्रातल्या दोन मोठ्या नावांचा संबंध ग्रेज इनशी येतो. विनायक दामोदर सावरकर तिथे १९०६ मध्ये दाखल झाले. परीक्षा झाल्या, पण १९०९ मध्ये बेंचरांनी त्यांच्या राजकारणामुळे सनद नाकारली. टेबलाशी बसू देणे आणि आपल्यात घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यातून दिसते. भीमराव आंबेडकर १९१६ मध्ये याच इनमध्ये दाखल झाले, शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये परतले, १९२० मध्ये पुन्हा गेले आणि जून १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले. लंडनच्या त्या दिवसांत रात्री कपभर बोव्हरिल (गोमांसाच्या अर्काचे गरम पेय) आणि चार पापड यांवर ते राहत, असे त्यांच्या चरित्रांत येते. शाळेत गोणपाटावर वेगळे बसवलेल्या या विद्यार्थ्याच्या इनमध्ये मेसची जागा जातीवरून ठरत नव्हती.

‘सहभोजन’ हा शब्द मराठीत नुसता एकत्र जेवण्यापुरता राहिलेला नाही, त्याला जातिनिर्मूलनाच्या चळवळीचा वास आहे. ग्रेज इनमध्ये टर्म भरलेल्या सावरकरांनी रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत (१९२४–३७) जी सहभोजने घडवली, ती त्याच चळवळीचा भाग. इनमधल्या जेवणांचा या सहभोजनांशी थेट संबंध जोडायला पुरावा नाही आणि जोडूही नये.

स्त्रियांना तर, वकिलीसारखे व्यवसाय त्यांना खुले करणाऱ्या १९१९ च्या ब्रिटिश कायद्यापर्यंत, या दालनात विद्यार्थी म्हणून जागाच नव्हती. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली. त्यांना लिंकन्स इनमधून सनद मिळाली ती १९२३ मध्ये, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी.

भारतात या जेवणांची किंमत मोठी होती, कारण बॅरिस्टराचा कोर्टातला मान स्थानिक वकिलापेक्षा वरचा असे. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाने सगळ्यांना अॅडव्होकेट या एकाच वर्गात आणले. नावामागे ‘बॅरिस्टर’ लावण्याची सवय मात्र पुढेही बराच काळ टिकली.

इंग्लंडमध्ये सक्तीच्या जेवणांची संख्या टप्प्याटप्प्याने घटत गेली. आता सनदेपूर्वी दहा ‘पात्रता सत्रे’ पुरी करावी लागतात आणि त्यांतली सगळी जेवणे नसतात. व्याख्याने, लुटूपुटीचे खटले, विंडसर ग्रेट पार्कमधील कंबरलँड लॉज येथे शनिवार-रविवारचे निवासी वर्ग असे पर्याय आहेत. ग्रेज इनमध्ये ‘मिक्स्ड मेस’च्या रात्री विद्यार्थी, बॅरिस्टर आणि बेंचर मिसळून बसतात. गांधींनी दाखवलेली खोट भरून काढण्याचा हा सरळ उपाय, आणि त्याला लागले काय, तर चौथऱ्यावरून खाली येऊन बसणे.

विद्यापीठांतील माजी विद्यार्थ्यांची भोजने बहुतेक वेगळ्या जातीची असतात. ऑक्सफर्डमधील ‘गॉडी’ ही जुन्या विद्यार्थ्यांची मेजवानी प्रवेशवर्षानुसार भरते; तिथे वर्गमित्र भेटतात, शिकणारी मुले नसतात. आपल्याकडची स्नेहसंमेलनातली जेवणे याच वळणाची. शिकणाऱ्या मुलांनाच केंद्रस्थानी ठेवणारे उदाहरण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत सापडते. ‘डिनर्स फॉर ट्वेल्व्ह स्ट्रेंजर्स’, म्हणजे बारा अनोळखींचे जेवण, हा उपक्रम तिथे १९६८ पासून चालतो. माजी विद्यार्थी आपल्या घरी जेवण ठेवतात. विद्यार्थी, प्राध्यापक आणि इतर माजी विद्यार्थी नाव नोंदवून येतात. इथे गाउन नाही, प्रार्थना नाही, टर्मही भरायची नसते.

मुलांनी परक्या घरी जेवायला जाणे महाराष्ट्राला नवे नाही. गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. पण वाराचे जेवण पोटासाठी होते. वार देणारे घर विद्यार्थ्याच्या शाळेचे कोणी नसे आणि मुलगा बहुधा स्वयंपाकघराच्या कडेला बसून, जेवून, पान उचलून निघून जाई. लॉस एंजेलिसच्या घरात पाहुण्याला परत निघताना निदान समोरच्याचे नाव, काम आणि तो विद्यापीठात असताना कुठे राहत होता एवढे तरी कळलेले असते.