टाकीच्या तळाशी हिरवळ: अडतं कुठे?

फिशटँकमध्ये 'जादूच्या बिया' भुरभुरा, आठवड्यात हिरवा गालिचा तयार, अशा जाहिराती सध्या ऑनलाइन सर्रास दिसतात. बिया उगवतातही. पण त्या बहुधा दलदलीतल्या किंवा जमिनीवरच्या झाडांच्या असतात आणि पाण्याखाली थोड्याच दिवसांत कुजतात. गालिच्यासाठी एचसी क्यूबा, मॉन्टे कार्लो किंवा हेअरग्रास या पाण्याखाली पसरणाऱ्या बुटक्या वनस्पतींची रोपंच लावावी लागतात. तीही पसरली नाहीत की लोक दिवा बदलतात, आणखी प्रखर आणतात, आणि काचेवर शेवाळ चढतं.

बहुतेक वेळा अडतं ते कार्बन डायऑक्साइडवर. उघड्या पाण्यात तो लिटरमागे जेमतेम अर्धा-पाऊण मिलिग्रॅम असतो. गंमत म्हणजे लिटरभर हवेतही साधारण तेवढाच असतो! मग हवेतल्या पानाचं भागतं कसं? हवेत वायूचे रेणू झपाट्याने पसरतात. पाण्यात त्यांचा प्रसार सुमारे १०,००० पट मंद. त्यात प्रत्येक पानाला जवळपास स्थिर पाण्याचा पातळ थर चिकटलेला असतो. त्यातला वायू पान संपवतं आणि भरपाई रखडते. त्याच थरात पानाने सोडलेला ऑक्सिजन साठतो. पानात कार्बन डायऑक्साइड पकडणारं रुबिस्को हे विकर (एन्झाइम) थोडं गोंधळी आहे: कार्बन डायऑक्साइड कमी आणि ऑक्सिजन जास्त झाला की ते ऑक्सिजनच पकडतं आणि हाती आलेला कार्बनही काही प्रमाणात वाया जातो. याला प्रकाशश्वसन म्हणतात. म्हणजे वायू न वाढवता दिवा वाढवला की ही उधळपट्टीच वाढते.

म्हणून तळापर्यंत पोचणारा हलका प्रवाह ठेवायचा, म्हणजे तो थर पातळ होतो. आणि सिलिंडरमधून वायू देऊन प्रमाण लिटरमागे २० ते ३० मिलिग्रॅमवर न्यायचं. दिव्याच्या तास-दोन तास आधी वायू सुरू, दिव्याबरोबर बंद. प्रमाण रंगावरून दाखवणारी छोटी कुपी, म्हणजे ड्रॉप चेकर, टाकीत लावा. तिच्यात ४ डीकेएचचं (कार्बोनेट कठीणपणाचं एकक) पाणी आणि ब्रोमोथायमॉल ब्लू हे रंग बदलणारं द्रव्य: हिरवा रंग म्हणजे लिटरमागे सुमारे ३० मिलिग्रॅम, निळा म्हणजे कमी, पिवळा म्हणजे जास्त. रंग तास-दोन तास मागे असतो, म्हणून त्याच्यापेक्षा माशांवर विश्वास ठेवा. ते पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले तर वायू लगेच बंद करून हवेचा पंप लावा.

लावणीसाठी १-२ मिलिमीटर कणांची, टाकीतल्या रोपांसाठीची खास माती म्हणजे अ‍ॅक्वासॉइल, पुढच्या बाजूला ३-४ सेंटिमीटर. हरभऱ्याएवढे पुंजके चिमट्याने २ सेंटिमीटर अंतरावर असे खुपसा की फक्त शेंडे वर राहतील. दिवा सुरुवातीला सहाच तास. नवी माती अमोनिया सोडते, त्यामुळे पहिले दोन-तीन आठवडे एक दिवसाआड अर्धं पाणी बदला, मासे नंतर. कुंडीत हवेत वाढवलेली रोपं असतील तर जुनी पानं विरघळतील. घाबरून उपटू नका, पाण्यातली नवी पानं पातळ आणि निराळी येतात.

हिरवळ ३ सेंटिमीटर झाली की निम्मी छाटा, कापलेले तुकडे जाळीने काढा. जाड होऊ दिली तर खालचा थर अंधारात मरतो, मुळांची पकड सुटते, मध्ये अडकलेले ऑक्सिजनचे बुडबुडे उचल देतात आणि एके सकाळी अख्खा गालिचा चटईसारखा वर तरंगताना दिसतो.