अलीपूरचे ग्रंथवैभव आणि साताऱ्याचे कागद

साताऱ्यात किंवा सांगलीत एखादे पुस्तक प्रसिद्ध झाले की त्याची एक प्रत 30 दिवसांच्या आत प्रकाशकाने स्वखर्चाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे पाठवावी, असे 1954 चा ग्रंथ प्रदान कायदा सांगतो. 1956 मध्ये त्यात वृत्तपत्रे आणि नियतकालिकेही आली. या ग्रंथालयाच्या खजिन्याचा विचार करताना दुर्मीळ हस्तलिखितांच्या आधी या टपालाची आठवण ठेवली पाहिजे, कारण आज सामान्य वाटणारी जिल्ह्यातील पुस्तिका शंभर वर्षांनी दुर्मीळ ठरते आणि तोवर ती कुठेतरी जपलेली असावी लागते.

या संस्थेचे मूळ 1836 च्या कलकत्ता पब्लिक लायब्ररीत आहे. सर चार्ल्स मेटकाफ यांनी फोर्ट विल्यम कॉलेजच्या ग्रंथालयातील 4,675 ग्रंथ तिला दिले आणि त्यावर तिचा पाया घातला गेला. हे तेच कॉलेज, जिथे विल्यम कॅरी पंडित वैजनाथ यांच्या साह्याने इंग्रज अधिकाऱ्यांना मराठी शिकवीत असत. कॅरींचे मराठी व्याकरण 1805 मध्ये आणि मोडी टायपात छापलेला कोश 1810 मध्ये निघाला. मराठी मुद्रणाची पहिली पावले बंगालमध्ये पडली, ही गोष्ट आपल्याकडे अजूनही पुरेशी सांगितली जात नाही.

पुढे 1891 मध्ये सरकारी कचेऱ्यांची ग्रंथालये एकत्र करून इंपीरियल लायब्ररी झाली, पण तिचा वापर वरिष्ठ अधिकाऱ्यांपुरताच होता. लॉर्ड कर्झन यांनी तिचे आणि पब्लिक लायब्ररीचे एकत्रीकरण करून 30 जानेवारी 1903 रोजी ती मेटकाफ हॉलमध्ये लोकांसाठी खुली केली. स्वातंत्र्यानंतर, 1948 मध्ये, तिचे नाव राष्ट्रीय ग्रंथालय झाले. कोलकात्यातील अलीपूर भागातल्या बेल्वेडिअर या जुन्या वाड्यात 1 फेब्रुवारी 1953 रोजी मौलाना आझाद यांनी तिचे दरवाजे जनतेला उघडून दिले.

कायद्याने येणाऱ्या प्रतींइतकेच मोल देणग्यांचे आहे. सर आशुतोष मुखर्जी यांच्या कुटुंबीयांनी त्यांचा सुमारे 80,000 ग्रंथांचा संग्रह दिला. बर्दवान जिल्ह्यातील बुहारच्या घराण्याकडून अरबी-फारसी हस्तलिखिते आली. मराठी वाचकाच्या जिव्हाळ्याचा संग्रह मात्र सर यदुनाथ सरकार यांचा. शिवकालाचा आयुष्यभर अभ्यास करणारा, रियासतकार सरदेसाई यांच्याशी स्नेह जोडून मराठ्यांच्या इतिहासाचे मूळ कागद पाहण्यासाठी महाराष्ट्रात पुन्हा पुन्हा येणारा हा बंगाली इतिहासकार 1958 मध्ये गेला आणि त्याची ग्रंथसंपदा याच ग्रंथालयात विसावली.

एवढे असूनही ग्रंथालयाचा खजिना लोकांच्या दृष्टीस पडत नाही, कारण तो कपाटांत असतो आणि मागितल्याशिवाय बाहेर येत नाही. वाचनकक्ष आणि ग्रंथसाठा नव्या भाषा भवनात हलल्यावर बेल्वेडिअर वास्तू मोकळी झाली. तिची दुरुस्ती होऊन जानेवारी 2020 मध्ये ती प्रदर्शनांसाठी खुली करण्यात आली. ग्रंथालयाने आपला संग्रह केवळ अभ्यासकांसाठी राखून न ठेवता वाटसरूलाही दाखवावा, ही समजूत आपल्याकडे उशिरा रुजली.

साताऱ्यात ती आधीच होती, हे अभिमानाने सांगावेसे वाटते. रावबहादूर द. ब. पारसनीस यांनी मोडी दप्तरे, चित्रे आणि पत्रे घरोघर फिरून जमवली आणि त्यांच्या आयुष्याच्या अखेरीस त्यांतून येथे ऐतिहासिक संग्रहालय आकाराला आले. ते 1939 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले. तेथे त्या कागदांची शास्त्रोक्त निगा झाली, हे खरेच. पण सातारकराला आपल्या गावचा कागद पाहण्यासाठी तेव्हापासून पुणे गाठावे लागते.

अशा कागदाचे दर्शन घडवणे सोपे नसते. हातकागदाचे अरुंद बंद एकाखाली एक चिकटवून पत्र लांबवलेले असते, बोरूच्या काळ्या शाईतली मोडीची ओळ न तुटता धावत असते आणि मजकूर संपला तिथे लेखनसीमेचा लहानसा शिक्का उमटलेला असतो, म्हणजे त्याखाली कोणी नंतर भर घालू नये. दप्तराच्या रुमालात तो दोनशे वर्षे टिकतो तो अंधारामुळे. उजेडाने होणारी हानी साचत जाते आणि भरून येत नाही, म्हणून जुन्या कागदावरचा प्रकाश अगदी मंद, साधारण 50 लक्सपर्यंतच ठेवतात आणि काही महिन्यांनी तो कागद विश्रांतीसाठी आत नेतात. ग्रंथाची अडचण आणखी वेगळी आहे: काचेखाली त्याची दोनच पाने दिसतात, बाकीची शेकडो मिटलेलीच राहतात.

जुलै 2024 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे साताऱ्याच्या शिवाजी संग्रहालयात मांडली गेली, तेव्हा मूळ वस्तू स्वतःच्या गावात पाहण्याची ओढ सर्वांनीच पाहिली. पोलाद प्रवास सोसते, कागदाला तो जपून करावा लागतो. तरी अलीपूर किंवा पुण्याहून मोजकी मूळ पत्रे आणि बाकीच्यांच्या उत्तम छायाप्रती घेऊन महिनाभराचे प्रदर्शन येथे भरवता येईल, आणि मोडी वाचणारी माणसे या जिल्ह्यात अजून आहेत तोवर ते भरले पाहिजे.