लेगुमेन आणि ब्युटलेज: कापणारं कोणतं, जोडणारं कोणतं?

ही दोन नावं वाचली की हमखास घोळ होतो, आणि तो होणारच, कारण दोन्ही एन्झाइम एकाच घराण्यातली, घडण जवळपास सेम, आणि प्रोटीनच्या साखळीत ॲस्पॅराजिन किंवा ॲस्पार्टिक आम्ल (साखळीचे मणी असलेल्या अॅमिनो आम्लांपैकी दोन) दिसलं की दोघंही तिथेच घाव घालतात. फरक पुढे आहे. लेगुमेन कापून मोकळं होतं, ब्युटलेज १ कापलेलं टोक दुसऱ्या टोकाला जोडून गोल प्रोटीन बनवतं.

ब्युटलेज १ गोकर्णाच्या वेलीतलं, सिंगापूरच्या नानयांग विद्यापीठातल्या टीमने ते २०१४ मध्ये जगासमोर आणलं. त्याला साखळीच्या शेवटी ॲस्पॅराजिन-हिस्टिडिन-व्हॅलिन अशी खूण आवडते, त्यातलं हिस्टिडिन-व्हॅलिन ते उडवतं आणि उरलेली साखळी एन्झाइममधल्या सिस्टीन या अॅमिनो आम्लाच्या गंधकाला तात्पुरती चिकटून राहते. इथपर्यंत लेगुमेनचीही हीच रीत बरं का! आता साखळीला सोडवायला आधी कोण पोचतं यावर सगळं ठरतं, पाण्याचा रेणू आधी पोचला तर साखळी सरळच सुटते आणि तिचं स्वतःचंच पहिलं टोक वळून आधी आलं तर गोल होते. मला तर या विषयातलं सगळ्यात सुंदर हेच वाटतं.

अॅक्टिव्ह साइट म्हणजे एन्झाइमची काम करणारी जागा, तिच्याजवळची एकदोन अॅमिनो आम्लं बदलली तरी केवढा फरक पडतो बघा, कलाटा बी१ हे २९ अॅमिनो आम्लांचं गोल प्रोटीन ज्या ओल्डनलँडिया अॅफिनिसमध्ये असतं त्याच झाडाच्या जोडणाऱ्या एन्झाइममध्ये २४७ नंबरचं सिस्टीन काढून अॅलानिन बसवलं तर जोडण्याचा वेग शंभरपटीहून जास्त वाढला.

म्हणून नुसता सिक्वेन्स (अॅमिनो आम्लांचा क्रम) लेगुमेनसारखा दिसतोय म्हणून त्यावर 'कापणारं' असा शिक्का मारू नका, ट्यूबमध्ये करून बघा. आणि एकाच पीएचला बघून थांबू नका, कारण यातली काही एन्झाइमं न्यूट्रलच्या आसपास जोडतात आणि आम्लता वाढली की कापायला लागतात. मास स्पेकवर (रेणूंचं वजन मोजणाऱ्या यंत्रावर) मात्र डोळे उघडे ठेवा, हिस्टिडिन-व्हॅलिन गेल्यामुळे सरळ आणि गोल दोन्ही माल मूळ साखळीपेक्षा हलकेच दिसतात, घाईत आलेखातला पीक (टोकदार उंचवटा) सरकलेला बघून 'झालं गोल' म्हणून माणूस खूश होतो. गोल असेल तर तो सरळपेक्षा आणखी १८ डाल्टनने (रेणूच्या वजनाचं एकक) हलका हवा, म्हणजे बरोब्बर एका पाण्याच्या रेणूएवढा.