मेगाटन ते मेगावॉट करार

मोडीत काढलेल्या रशियन अण्वस्त्रांतील ५०० टन अतिसमृद्ध युरेनियम (ज्यात सहज विखंडन होणाऱ्या युरेनियम-२३५ चे प्रमाण मुद्दाम खूप वाढवलेले असते) सौम्य करून अमेरिकेतील अणुवीजकेंद्रांना इंधन म्हणून विकण्याचा करार. १८ फेब्रुवारी १९९३ रोजी त्यावर सह्या झाल्या, १९९५ मध्ये पुरवठा सुरू झाला आणि शेवटचा माल डिसेंबर २०१३ मध्ये बॉल्टिमोर बंदरात उतरला. सुमारे २०,००० अण्वस्त्रांचा ऐवज अशा रीतीने वीज होऊन संपला.

कल्पना थॉमस नेफ या एमआयटीतील भौतिकशास्त्रज्ञाची. ऑक्टोबर १९९१ मध्ये त्यांनी ती न्यूयॉर्क टाइम्समध्ये मांडली. सोव्हिएत संघ तेव्हा कोसळत होता, तिजोरीत खडखडाट होता आणि बॉम्बचा माल भलत्याच हाती जाईल ही धास्ती होती. नेफ यांनी त्यावर निःशस्त्रीकरणाचे आवाहन केले नाही. सरळ सौदा सुचवला.

शस्त्रांच्या युरेनियममध्ये युरेनियम-२३५ सुमारे ९० टक्के असते, तर अमेरिकी अणुभट्ट्यांना ३ ते ५ टक्के पुरते. सेव्हर्स्क, ओझर्स्क, नोव्होउराल्स्क आणि झेलेनोगोर्स्क या रशियातील एकेकाळच्या गुप्त शहरांत सौम्य करण्याचे काम चाले. धातूचा कीस पाडून त्याचे ऑक्साइड करीत, ते शुद्ध करून युरेनियम हेक्झाफ्लोराइड हे सहज वायुरूप होणारे संयुग बनवीत आणि त्यात १.५ टक्के समृद्धीचे युरेनियम मिसळीत. साधे नैसर्गिक युरेनियम मिसळणे सोपे वाटेल. पण शस्त्रांच्या मालात युरेनियम-२३४ हा नकोसा प्रकार जास्त असल्याने तयार इंधन मानकात बसले नसते. म्हणून समृद्धीकरणानंतर उरलेला, युरेनियम-२३४ कमी असलेला चोथाच पुन्हा सेंट्रिफ्यूज या वेगाने फिरणाऱ्या समृद्धीकरण यंत्रांतून काढून मिश्रक तयार करीत. पोलादी सिलिंडर मग सेंट पीटर्सबर्गहून जहाजाने निघत. अमेरिकी निरीक्षक रशियन कारखान्यांत जात, रशियन निरीक्षक अमेरिकी कारखान्यांत.

व्यवहारात मात्र खटके बरेच उडाले. खरेदीदार युसेक ही अमेरिकी सरकारी संस्था स्वतःही युरेनियम समृद्ध करून विकत होती, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचाच माल घेत होती. १९९८ मध्ये तिचे खासगीकरण झाल्यावर हा पेच अधिकच बोचू लागला. ती पैसे देई ते केवळ समृद्धीकरणाचे. मूळ नैसर्गिक युरेनियमच्या किमतीचा तिढा १९९९ मध्ये कॅमेको, कोजेमा आणि नुकेम या पाश्चात्य युरेनियम कंपन्यांशी करार होऊन सुटला. एकूण उलाढाल सुमारे १७ अब्ज डॉलरची झाली. करार चालू असताना अमेरिकेची जवळजवळ दहावा हिस्सा वीज याच इंधनावर निर्माण होत असे.

करार टिकला तो दोन्ही बाजूंना पैसा दिसत होता म्हणून. प्लुटोनियम या बॉम्बच्या दुसऱ्या मालाला असे गिऱ्हाईक नव्हते. त्याच्या विल्हेवाटीचा २००० सालचा करार रेंगाळत राहिला आणि २०१६ मध्ये रशियाने तो स्थगित केला. युरेनियमच्या यशाची किंमत अमेरिकेने वेगळ्या रूपात मोजली. रशियन इंधन मिळत असताना पोर्ट्समथ आणि पडुका येथील तिचे जुने समृद्धीकरण कारखाने बंद पडले, आणि २०१४ मध्ये युसेकने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. करार संपल्यावरही रशियन समृद्ध युरेनियमची खरेदी चालूच राहिली. मे २०२४ मध्ये अमेरिकेने कायद्याने त्याची आयात बंद केली, तरी अडचणीतील वीजकेंद्रांना २०२७ अखेरपर्यंत सवलतीची वाट ठेवावी लागली.