आंबवलेल्या पेयाची बाटली: भट्टीपासून भंगाराच्या दुकानापर्यंत

दारूला बाटली लागतेच असं नाही. हातभट्टीची दारू आपल्याकडे सायकलच्या ट्यूबमधून, रबरी फुग्यांतून, प्लास्टिकच्या कॅनमधून वर्षानुवर्षं फिरली. ताडी मडक्यात राहिली. बीअरचं मात्र तसं नाही. तिच्यातला वायू गेला की ती गेलीच. शिवाय घरी केलेल्या बीअरमध्ये तो वायू बाहेरून भरत नाहीत. आंबवण संपलेल्या बीअरमध्ये थोडी साखर घालून बाटली बंद करतात, उरलेलं यीस्ट ती साखर खातं आणि तयार झालेला कार्बन डायऑक्साइड कोंडला गेल्यामुळे पेयात विरघळतो. म्हणजे बाटली हे आंबवण्याचं शेवटचं भांडं आहे. ती कशी निवडायची हा प्रश्न इथूनच सुरू होतो, आणि त्याचं उत्तर घडायला जगाला तीनशेहून जास्त वर्षं लागली.

आधी कायद्याचं बोललं पाहिजे. औंध, सांगली ही संस्थानं १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाली आणि पुढच्याच वर्षी मुंबई दारूबंदी कायदा आला. तोच आज महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ या नावाने लागू आहे. साठच्या दशकापासून पिण्यावरची बंधनं सैल होत गेली, पण परवान्याशिवाय दारू तयार करणं गुन्हाच राहिलं. घरच्यापुरती केली म्हणून सूट नाही. ब्रिटनमध्ये घरी बीअर करायला लागणारा परवाना १९६३ साली रद्द झाला, अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने मोकळीक मिळाली. त्यामुळे घरगुती बीअरच्या बाटलीचं शहाणपण तिकडे साठलं. आपल्याकडे त्याचा उपयोग होतो तो कोंबुचा (आंबवलेला चहा) किंवा आल्याचं फसफसतं पेय करणाऱ्यांना. सातारा जिल्हा आल्याचं आगर, त्यामुळे कोरेगाव-कराडकडे हा प्रयोग कुणी ना कुणी करत असतंच. पेय कुठलंही असो, बाटलीवरचा दाब पेयाचं नाव विचारत नाही.

सतराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत युरोपातली काच लाकडाच्या भट्टीत वितळायची. बाटल्या पातळ आणि नाजूक असायच्या. बीअर मुख्यतः पिंपात राही, आणि बाटलीत भरलीच तर बूच उडे किंवा बाटली फुटे. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलचे डीन, म्हणजे तिथले मुख्य धर्मगुरू, अलेक्झांडर नॉवेल यांची एक आख्यायिका इंग्रजांत प्रसिद्ध आहे: मासेमारीला गेले असताना बीअरची बाटली नदीकाठी विसरले, काही दिवसांनी परत येऊन उघडली तर बंदुकीसारखा बार झाला. गोष्ट खरी असो वा रचलेली, बंद बाटलीत बीअर पुन्हा आंबते हे लोकांच्या तेव्हाच लक्षात आलं होतं, एवढं तिच्यातून कळतं. अडचण काचेची होती.

ती सुटली भलत्याच कारणाने. जहाजांसाठी लाकूड वाचवायचं म्हणून इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाने १६१५ साली काचेच्या भट्ट्यांत लाकूड जाळायला बंदी घातली. कारखानदार कोळशाकडे वळले. कोळशाची आच जास्त, त्यामुळे काच जाड आणि मजबूत होऊ लागली, आणि लोहाचा अंश व धूर यांमुळे रंगाने गडद. दाब सोसणारी बाटली प्रथम या कोळशाच्या भट्टीतून निघाली. सर केनेल्म डिग्बी या इंग्रज दरबाऱ्याचं नाव या बाटलीशी जोडलं जातं. बाटलीचा गडद वेषही तेव्हापासूनचा, जरी त्याचं शास्त्रीय कारण फार नंतर कळलं.

तरी बाटल्या फुटतच राहिल्या, आणि सगळ्यात जास्त फ्रान्समधल्या शँपेनच्या तळघरांत. एक फुटली की तिच्या धक्क्याने शेजारच्या फुटत. कामगार तोंडावर लोखंडी जाळीचे मुखवटे चढवून आत उतरत. अर्धा उपाय जाड काचेने झाला. उरलेला अर्धा शालों गावच्या फ्रांस्वा नावाच्या औषधविक्रेत्याने १८३० च्या दशकात दिला: बाटली भरण्याआधी वाइनमध्ये साखर किती आहे ते मोजा, म्हणजे दाब किती होणार ते आधीच कळेल. मला हा या सगळ्या इतिहासातला कळीचा क्षण वाटतो. तोवर प्रत्येक जण बाटलीला दोष देत होता. फ्रांस्वाने बोट साखरेकडे दाखवलं.

आजचा हिशेब त्याच विचारावर उभा आहे. आंबवण पूर्ण झालेल्या पेयात लिटरमागे साधारण ४ ग्रॅम साखर घातली, की त्या पेयाच्या आकारमानाएवढा कार्बन डायऑक्साइड तयार होतो. नेहमीच्या बीअरला अडीचपट वायू लागतो. त्यातला काही आधीच विरघळलेला असतो, म्हणून ६ ते ७ ग्रॅम साखर पुरते. एवढ्या वायूचा दाब २० अंश सेल्सिअसला जेमतेम २ बार असतो (एक बार म्हणजे साधारण बाहेरच्या हवेच्या दाबाएवढा). तीच बाटली सांगलीच्या एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ४० अंशांवर गेली, की दाब साडेतीन बारच्या पुढे जातो, कारण गरम पाण्यात वायू कमी विरघळतो आणि मानेतल्या रिकाम्या जागेत गर्दी करतो. थंड देशातल्या कृतीत लिहिलेला अंदाज इथे जसाच्या तसा चालत नाही तो यामुळे. आणि आंबवण अर्धवट असताना बाटली भरली, तर कोणतंच गणित लागू पडत नाही. पेयात उरलेली साखरही दाबात जमा होते. साखर चमच्याने न मोजता वजनकाट्यावर मोजावी, यावर मी अडून राहीन.

काच सुधारली, पण तोंड बंद कसं करायचं? बूच दोऱ्याने किंवा तारेने बांधायची पद्धत वेळखाऊ होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या तीस वर्षांत यावर तीन तोडगे निघाले, आणि तिन्ही आपल्या ओळखीचे आहेत.

पहिला गोटीचा. हायरम कॉड या इंग्रजाने १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचं पेटंट घेतलं. इंग्लंडमध्ये ती बाटली इतिहासजमा झाली. आपल्याकडे बसस्टँडवर, जत्रेत, रसवंतीशेजारी ती अजून दिसते. सोडावाल्याचं मशीन नीट पाहिलंत तर सगळं तत्त्व डोळ्यांसमोर उभं राहतं. बाटली लोखंडी चौकटीत अडकवून उलटी करतात, वायू आत सोडतात, गोटी घरंगळत तोंडाशी येते आणि आतल्या दाबानेच रबराच्या कड्यावर घट्ट बसते. दाब जितका जास्त, तितकं झाकण पक्कं. सोड्याच्या बाटल्या जाड असतात आणि फुटल्या तर घातक ठरतात, हे दंगलींच्या जुन्या बातम्या वाचलेल्या कुणालाही सांगायला नको. पण आंबवायला ही बाटली कुचकामी. गोटी बसायला वायू आधी हजर असावा लागतो, आणि यीस्ट तर तो सावकाश, दिवसांगणिक तयार करतं. तोवर फटीतून तो निसटत राहतो. शिवाय मानेतल्या चिमटीत ब्रश पोचत नाही.

दुसरा तोडगा तारेच्या खटक्याचा: चिनीमातीचं किंवा काचेचं झाकण, त्याला रबराची चकती आणि दाबून बसवायची तारेची कडी. चार्ल्स द क्विलफेल्ट याने १८७५ मध्ये न्यूयॉर्कला त्याचं पेटंट घेतलं. घरी करणाऱ्यांची ही लाडकी बाटली, कारण तिला झाकण बसवायचं यंत्र लागत नाही. सांगली-साताऱ्याच्या भांड्यांच्या दुकानांत अशी बाटली सर्रास मिळते, पण ती बहुधा तेलासाठी किंवा पाण्यासाठी केलेली असते: काच पातळ, कधी चौकोनी. गोल बाटलीत दाब सगळीकडे सारखा वाटला जातो, चौकोनीत तो कोपऱ्यांवर आणि सपाट बाजूंवर येतो. देखणी चौकोनी बाटली आंबवलेल्या पेयासाठी घेऊ नका. यात तडजोड नाही.

तिसरा तोडगा जिंकला. बाल्टिमोरच्या विल्यम पेंटरने १८९२ मध्ये पत्र्याच्या दातेरी झाकणाचं पेटंट घेतलं. आत बुचाची पातळ चकती असे, आता प्लास्टिकची असते. सुरुवातीला २४ दाते होते, आज २१ असतात. पण असं झाकण बसायला प्रत्येक बाटलीचं तोंड तंतोतंत एका मापाचं हवं, आणि तोंडाने फुंकून केलेल्या बाटलीत ते जमत नसे. १९०३ च्या सुमारास मायकेल ओवेन्सचं स्वयंचलित यंत्र आलं आणि बाटल्या एकसारख्या निघू लागल्या. आज भंगारातून उचललेल्या कुठल्याही कंपनीच्या बीअर बाटलीवर २६ मिलिमीटरचं तेच झाकण बहुतेक वेळा बसतं, ते या दोघांमुळे.

या काळात आपल्याकडे काचेचं काय चाललं होतं? स्वदेशीच्या चळवळीत अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून पैसा फंड उभा केला, टिळकांनी पाठबळ दिलं आणि १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना सुरू झाला. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात ओगले बंधूंनी कराडजवळ, औंध संस्थानच्या हद्दीत कारखाना काढला. ती ओगलेवाडी, कराडचं रेल्वे स्टेशन तिथेच आहे. वडिलांच्या नावाचा त्यांचा प्रभाकर कंदील घरोघरी पोचला. कारखाना केव्हाच बंद पडला, पण कृष्णाकाठी काच ओतणारे, फुंकणारे हात होते ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्यांचं नाव झालं ते कंदिलामुळे, कारण घरात उजेड ही तेव्हाची गरज होती. काचेतला खरा कस मात्र कंदिलाच्या चिमणीला आणि बाटलीला सारखाच लागतो: भट्टीतून निघालेली काच सावकाश थंड करणं. घाईने थंड झालेल्या काचेत ताण अडकून राहतो, आणि ती एखाद्या दिवशी अकारण तडकते.

रंगाचं थोडक्यात. बीअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्स या फुलांमधली कडू द्रव्यं निळसर प्रकाशात मोडतात आणि कुबट वासाचं गंधकयुक्त संयुग तयार होतं. कडक उन्हात त्याला काही मिनिटंच लागतात. तपकिरी काच हा प्रकाश बराचसा अडवते, हिरवी थोडाच, पांढरी जवळजवळ नाहीच. कोंबुच्यात किंवा आल्याच्या पेयात हॉप्स नसतात, तिथे रंगाची चिंता नको.

आता भंगाराचं दुकान. आपल्याकडे बीअरची ६५० मिलिलिटरची बाटली एकदा वापरून फेकली जात नाही. ती भंगारवाल्याकडून पुन्हा कारखान्यात जाते, धुतली जाते, भरली जाते. म्हणून ती मुळात जाड असते. तिचा प्रवास तिच्या अंगावर वाचता येतो. खांद्याशी आणि बुडाशी, जिथे क्रेटमध्ये एक बाटली दुसरीवर घासते, तिथे पांढुरका खरखरीत पट्टा उमटतो. पट्टा जितका रुंद, तितक्या फेऱ्या जास्त आणि काच तितकी कमजोर. नुसती पुसट रेघ असलेली बाटली घ्यावी. मग तोंडाच्या कडेवरून नख फिरवावं. टवका उडालेला असेल तर झाकण धरणार नाही. उजेडाकडे धरून तळ पाहावा. वाळलेली बुरशी धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात निघते, पण विडीची थोटकं, रॉकेल किंवा फिनेल यांचा वास असेल तर ती बाटली तिथेच ठेवावी. पिळून उघडायच्या झाकणाची, आटे असलेली बाटलीही नको. तिच्यावर साधं झाकण नीट आवळलं जात नाही. शँपेनची बाटली दाबाला सगळ्यात भक्कम, पण युरोपातल्या बाटलीचं तोंड बहुधा २९ मिलिमीटरचं, त्याला झाकणही यंत्राचा साचाही वेगळा लागतो.

आणि पहिल्यांदाच करणाऱ्याने काचेच्या आधी सोड्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या वापराव्यात. १९७० च्या दशकात नॅथॅनिएल वायेथ या अमेरिकी अभियंत्याने ती ‘पेट’ (पीईटी) नावाच्या प्लास्टिकची बाटली मुळात फसफसत्या पेयांसाठीच घडवली. तिचा मोठा गुण असा की बोटाने दाबून आतला दाब कळतो. काचेच्या बाटल्या भरल्या तरी त्यांच्याबरोबर एक प्लास्टिकची भरावी. ती दगडासारखी टणक झाली, की सगळ्या काचेच्या बाटल्या त्याच दिवशी फ्रिजमध्ये हलवाव्यात.