फुगणारं दार आणि व्हिनेगरचा भाऊबंद

श्रावणात अडकणारं दार सुतार रंधा मारून मोकळं करतो. मार्गशीर्षात त्याच दाराच्या कडेने उजेड दिसू लागतो. यात सुताराचा दोष नाही. लाकडाच्या पेशीभित्तीत सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन असतं, आणि या तिन्हींवर हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या, असतात. हवेतलं पाणी त्यांना धरून बसतं, भित्ती फुगते आणि कोरड्या हवेत पुन्हा आक्रसते. कोरड्या वजनाच्या साधारण ३० टक्के पाणी मुरेपर्यंत हे फुगणं चालतं. त्यापुढचं पाणी पेशींच्या पोकळीत साठतं, त्याने आकार बदलत नाही.

रंग किंवा व्हार्निशने पाण्याचा वेग कमी होतो, वाट बंद होत नाही. अ‍ॅसेटिलीकरणात (लाकडावरच्या एका रासायनिक प्रक्रियेत) पाण्याची बसायची जागाच आधी भरून टाकतात. अ‍ॅसेटिक अनहायड्राइड हे व्हिनेगरच्या आम्लाचंच भाऊबंद रसायन हायड्रॉक्सिल गटाशी जोडलं गेलं की तिथे अ‍ॅसेटिल गट कायमचा बसतो आणि अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल, बाहेर पडतं. लाकडात बाहेरचं विष काही भरलं जात नाही. अ‍ॅसेटिल गट झाडात मुळातच थोडे असतात, इथे त्यांची संख्या वाढते इतकंच. चष्म्याच्या फ्रेमचं सेल्युलोज अ‍ॅसेटेटही याच रसायनातून बनतं, पण त्यात तंतू विरघळवून टाकतात. लाकडात मात्र तंतूंची मूळ घडण टिकवायची असते.

सगळी गोम पाण्यात आहे. जितके गट बसतात तितकं लाकडाचं वजन वाढतं. पूर्ण कोरडं १०० किलो लाकूड घ्या. त्याचं वजन २० टक्क्यांनी वाढवायचं तर हिशेबाने ४८.६ किलो अनहायड्राइड खर्ची पडतं आणि २८.६ किलो अ‍ॅसेटिक आम्ल सुटतं. त्याच लाकडात १२ टक्के ओलावा असेल, आणि वखारीतल्या चांगल्या सुकलेल्या लाकडातही तो असतोच, तर ते १२ किलो पाणी एकटंच ६८ किलो अनहायड्राइड गिळतं. म्हणजे लाकडापेक्षा पाण्यालाच जास्त खाऊ घातलं! म्हणून भट्टीत ओलावा पाच टक्क्यांच्या खाली आणल्याशिवाय पुढचं पाऊल टाकत नाहीत.

मग फळ्या बंद टाकीत ठेवून हवा खेचून घेतात, अनहायड्राइड सोडतात आणि दाब देऊन ते आतपर्यंत मुरवतात. तापमान १२० ते १३० अंश सेल्सियस. क्रिया स्वतःच उष्णता सोडते, त्यामुळे तापवण्याइतकंच तापमान आवरण्याकडेही लक्ष द्यावं लागतं. काही तासांनी द्रव काढून घेतात आणि उष्णता व निर्वात यांच्या जोरावर उरलेलं आम्ल बाहेर ओढतात. हे आम्ल फेकत नाहीत. त्याचा पुन्हा वापर झाला नाही, तर सगळा हिशेब तोट्यात जातो.

१९२८ साली जर्मनीत पाइनच्या लाकडावर हा प्रयोग झाला तेव्हा सल्फ्युरिक आम्ल उत्प्रेरक म्हणून वापरलं होतं. लिग्निन वेगळं काढण्यासाठी ते ठीक होतं, पण फळी टिकवायची असेल तर तेच आम्ल सेल्युलोजच्या साखळ्या तोडतं. चाळीसच्या दशकात अमेरिकेत त्याऐवजी पिरिडीन नावाचं रसायन वापरून पाहिलं, पण ते लाकडातून निघता निघत नाही आणि त्याचा वास असह्य. आता उत्प्रेरकाशिवायच काम करतात. नेदरलँड्समधल्या आर्नहेमला २००७ पासून या पद्धतीने व्यापारी उत्पादन होतं. त्यासाठी न्यूझीलंडचा रेडिआटा पाइन लागतो. तो सच्छिद्र असल्याने द्रव गाभ्यापर्यंत जातो. सागाच्या गाभ्यात तो शिरतच नाही, आणि अर्धवट मुरलेली फळी कापली की आतलं कच्चं लाकूड उघडं पडतं. नीट मुरलेली फळी मात्र कुठेही कापा, रंधा मारा, संरक्षण आरपार तसंच राहतं.

किती गट बसले हे तपासायचं कसं? नमुना १०३ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवून तोलतात, प्रक्रियेनंतर पुन्हा तसंच करतात. यात दोन फसगती आहेत. आम्ल पुरतं निघालं नसेल तर वजनवाढ खोटी जास्त दिसते. लाकडातली राळ द्रवात विरघळून गेली असेल तर खोटी कमी दिसते. शिवाय नमुना फळीच्या टोकाचा घेतला तर आकडा नेहमीच छान येतो. तो मधला घ्यावा.

वजन सुमारे २० टक्क्यांनी वाढलं की फुगणं-आक्रसणं सत्तर टक्क्यांच्या आसपास घटतं. कुजवणाऱ्या बुरशीचंही फावत नाही, कारण तिची रसायनं पेशीभित्तीत शिरायला तिथे पाणी लागतं. नेदरलँड्समध्येच स्नीक इथे याच लाकडाचा ३२ मीटर लांबीचा पूल बांधला आहे, आणि त्यावरून ६० टनी वाहनं जाऊ शकतात.

पण हे लाकूड अमर नाही. उन्हाने ते इतर लाकडासारखंच राखाडी पडतं, पृष्ठभागावर काळी बुरशी येऊ शकते, आणि भुकेली वाळवी थोडं कुरतडून बघतेच. ओलावा मोजायचं साधं विजेरी यंत्र इथे चुकीचे आकडे दाखवतं. पाण्यातला पांढरा गोंद हळू सुकतो, तेव्हा सांधा शिकंज्यात जास्त वेळ धरावा लागतो.

घरी मात्र हा खटाटोप करू नये. अनहायड्राइडची वाफ डोळे आणि फुप्फुसं जाळते, शिवाय ती पेटते. आणि हेरॉइन बनवायला हेच रसायन लागत असल्याने भारतात त्याच्या खरेदी-विक्रीवर अमली पदार्थविरोधी कायद्याखाली नियंत्रण आहे.

नवीन फळीला हलका आंबूस वास येतो, तो उरलेल्या आम्लाचा. साधा लोखंडी खिळा ठोकला तर तो गंजतो आणि भोवती काळा डाग पसरतो. जस्ताचा मुलामाही या आम्लापुढे टिकत नाही. स्क्रू आणि बिजागऱ्या स्टेनलेस स्टीलच्याच घ्याव्या, आणि कोकणासारख्या खाऱ्या हवेत ३१६ दर्जाच्या, म्हणजे गंजाला जास्त दाद न देणाऱ्या स्टीलच्या.